सातवा पडला होता, हवा होता तिसरा

भोसरी एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी टेबलावर गिअरबॉक्स खोलून ठेवला होता. शेजारच्या परातीत नटबोल्ट, सर्क्लिप, बेअरिंगा, ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने मांडलेल्या. भिंतीवर खंडोबाचा फोटो, त्याखाली लॅपटॉप, आणि लॅपटॉपची वायर दाराशी उभ्या असलेल्या एका युरोपीय सेदानच्या डॅशबोर्डखाली गेलेली. मिस्त्री पन्नाशी ओलांडलेले. उमेदवारी मॅटाडोर आणि पद्मिनीवर झालेली. "तेव्हा गाडी कानाने कळायची," ते म्हणाले. "आता आधी स्कॅनर लावायचा, मग कान. पण कान लावायचाच. काय बिघडलंय ते स्कॅनर सांगतो. का बिघडलंय ते चालवणाऱ्यालाच विचारावं लागतं."

यंदाच्या अंकाचा विषय 'अंदाज' आहे असं संपादकांनी कळवलं, तोवर पाऊस, शेअर बाजार आणि निवडणुका वाटल्या गेल्या होत्या. माझ्या डोक्यात मात्र ओळखीतल्या गाडीवेड्यांचं एक जुनं भांडण घोळत होतं. ऑटोमॅटिक गाडी ही ज्यांना चालवता येत नाही त्यांच्यासाठी असते, असं छातीठोकपणे सांगणारी ही मंडळी. गेल्या काही वर्षांत त्यांच्यातला एकेक जण गुपचूप ऑटोमॅटिक घेऊन आला. साधीसुधी घरगुती नव्हे. टर्बो पेट्रोलची, दाबली की पाठ सीटला चिकटवणारी. घेतल्यावर सगळ्यांचं म्हणणं एकच: गाडी आधीपेक्षा वेगवान आहे, चुका कमी होतात, दमायला होत नाही, पण काहीतरी गेलं.

हे काहीतरी म्हणजे काय, ते बघायला मी निघाले. घरच्या गाडीने ऑटोमॅटिक व्हावं की नाही याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही, व्हावंच. प्रश्न पडतो तो फक्त मजेसाठी घेतलेल्या गाडीबाबत. तिथे आराम हा मुद्दाच नसतो.

पंगतीतले दोन वाढपी

मॅन्युअल गाडीत क्लच एकच असतो. डावा पाय दाबला की इंजिन आणि चाकांचं नातं तुटतं, हात गिअर बदलतो, पाय सोडला की पुन्हा जुळतं. ज्या क्षणी ते तुटलेलं असतं त्या क्षणी गाडी नुसती वाहत असते. चांगला ड्रायव्हर हा क्षण छोटा करतो. शून्य करू शकत नाही.

टेबलावरच्या पेटीत क्लच दोन होते, एकात एक बसवलेले, आणि शाफ्टही दोन, तेही एकात एक. एका शाफ्टवर पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा आणि रिव्हर्स. गाडी तिसऱ्यावर धावत असताना दुसऱ्या शाफ्टवर चौथा आधीच टाकून ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो, त्याच दमात दुसरा धरतो. मधे खंड पडत नाही.

"पंगतीत दोन वाढपी असतात ना, तसं," मिस्त्री म्हणाले. "एक भात वाढतोय तोवर दुसरा वरणाची बादली घेऊन मागे उभा. तुम्ही मान वर करायच्या आत वरण पानात. पण समजा तुम्ही जिलबी मागितलीत. मग तो बादली ठेवणार, परत जाणार, जिलबी आणणार. तेवढा वेळ पान रिकामं."

म्हणजे ही पेटी वेगवान आहे ती तिचा अंदाज बरोबर येतो तेव्हा. चुकला की तीच पेटी मॅन्युअलपेक्षा मंद वाटू शकते. आणि अंदाज कशावरून बांधायचा? तुमच्या उजव्या पायावरून, ब्रेकवरून, वेगावरून, इंजिनाच्या फेऱ्यांवरून. पुढे वळण आहे हे तिला दिसत नाही. ट्रकमागून तुम्ही डोकावून बघितलंत, हे तिला ठाऊक नाही.

या पेट्यांची दोन घराणी आहेत. कोरड्या क्लचच्या आणि तेलात बुडालेल्या. फोक्सवॅगन समूहाची सात गिअरची कोरडी डीएसजी पेटी २००८ मध्ये आली. तिच्या गिअरांना १.७ लिटर तेल पुरतं; आधीच्या सहा गिअरच्या ओल्या पेटीला साडेसहा लिटर लागत असे. कमी तेल, कमी वजन, कमी इंधन. पण कोरडा क्लच उष्णता सोडायला हवेवरच अवलंबून, आणि या पेटीची कुवत २५० न्यूटन-मीटरपर्यंतची. चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या व्हर्टस आणि स्लाव्हिया या सेदानांतलं दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन बरोबर २५० न्यूटन-मीटर देतं. पेटी तिच्या काठापर्यंत भरलेली आहे, असं म्हणायला हरकत नाही. त्याहून दांडग्या गाड्यांना ओला क्लच लागतो.

कोरड्या पेटीने कंपनीला त्रासही दिला. २०१३ मध्ये चीनमध्ये तिच्याबद्दलच्या तक्रारींपायी पावणेचार लाखांहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मिस्त्रींचं मत जरा वेगळं. पेटीत दोष असतील, पण निम्मं काम चालवण्यातून येतं, असं ते म्हणतात. "मॅन्युअलवाला हाफ क्लचवर गाडी चढावर धरून ठेवायचा, त्याला वास यायचा. जळका वास आला की पाय आपोआप सुटतो. इथे वास यायच्या आधी बिल येतं."

झारच्या मोटारखान्यापासून चाकणपर्यंत

दोन क्लचची कल्पना जुनी आहे. अडॉल्फ केग्रेस नावाच्या फ्रेंच अभियंत्याने ती १९३९च्या सुमारास मांडली. हा गृहस्थ त्याआधी रशियात झार दुसऱ्या निकोलसच्या मोटारखान्यात होता आणि बर्फावर चालणाऱ्या, मागच्या चाकांच्या जागी पट्टे असलेल्या गाड्यांमुळे प्रसिद्ध झाला होता. १९४३ मध्ये तो वारला. त्याच्या हयातीत ही पेटी कुठल्याही दुकानात आली नाही. तिला जे लागत होतं ते तेव्हा नव्हतंच: प्रत्येक क्षणी दोन क्लचांचा हिशेब ठेवणारं, पटकन निर्णय घेणारं डोकं.

१९३९ मध्येच अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी हायड्रामॅटिक जाहीर केली. तिथे क्लचच्या जागी तेलातून ताकद जायची. गुळगुळीत, सुखाची, आणि ताकदीचा काही भाग तेलात घालवणारी. ऑटोमॅटिक म्हणजे आळशी, ही आपल्या डोक्यातली समजूत तिथून आणि तिच्या वंशजांपासून आलेली आहे.

वेगासाठी ऑटोमॅटिक हवी, हा उलटा विचार शर्यतीच्या लोकांनी केला. १९८०च्या दशकात पोर्शने ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत दोन क्लचची पेटी घातली. नाव पीडीके. कारण अगदी व्यवहारी होतं. टर्बो इंजिनात ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की हवेचा दाब उतरतो आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. गिअर बदलताना पाय उचलावाच लागला नाही तर? पेटी जड होती, कुरकुरत होती, चालकांना तिचा वैताग यायचा. तरी १९८६ मध्ये मोंझाच्या शर्यतीत हान्स-योआखिम श्टुक आणि डेरेक बेल यांनी तिच्यासह पहिला विजय मिळवला. पुढे १९८९ मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनच्या गाडीत स्टिअरिंगमागे दोन पाती लावली. क्लच एकच, पण तो दाबणारं यंत्र. आरेखक जॉन बर्नार्डची ही गाडी किती टिकेल याची कंपनीलाच खात्री नव्हती आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमधली पहिलीच शर्यत जिंकून दाखवली.

रस्त्यावरच्या गाडीत दोन क्लच आले २००३ मध्ये, गोल्फ आर३२मध्ये. पोर्शने स्वतःची कल्पना ९११मध्ये घालायला २००८ उजाडलं.

आपल्याकडे हा बदल एकाच गाडीच्या नावावरून वाचता येतो. आरएस अक्षरांची ऑक्टाविया भारतात २००४ मध्ये आली तेव्हा तिच्यात १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल होतं, दीडशे अश्वशक्तीचं, आणि गिअर हातानेच टाकायचे. २०१७ मध्ये तीच अक्षरं २३० अश्वशक्ती घेऊन परतली तेव्हा मॅन्युअलचा पर्यायच नव्हता. २०२५ मध्ये पुन्हा आली, २६५ अश्वशक्तीची. तीही फक्त डीएसजी. मधे २०१३ मध्ये चाकणहून पोलो जीटी टीएसआय निघाली होती. १.२ लिटर, १०५ अश्वशक्ती, सात गिअर, दोन क्लच. आज आकडे किरकोळ वाटतात. पण आठ लाखांच्या आसपास किमतीला शर्यतीतली कल्पना घरापुढे उभी राहते, हे पुण्यातल्या पोरांनी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, आणि आजही ती गाडी जुन्या बाजारात विकत घेऊन जपणारे लोक भेटतात.

भूगावची रांग

चिंचवडला दवाखाना असलेल्या एक दंतवैद्य बाई मला ताम्हिणीला घेऊन जायला तयार झाल्या. वीस वर्षं मॅन्युअल चालवली, टीएसडी (वेळ-वेग-अंतर) रॅल्यांत भाग घेतला, हिल-टो म्हणजे एकाच उजव्या पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही हाताळणं, हे त्या मुंबईच्या जुन्या हायवेवर बोरघाटात स्वतः शिकल्या. डावा गुडघा कुरकुरायला लागला आणि रोजची भुमकर चौकातली कोंडी काही सुटेना, तेव्हा त्यांनी दीड लिटर टर्बोची सात गिअरवाली गाडी घेतली. चांदणी चौक ओलांडेपर्यंत त्या मला अहो-जाहो करत होत्या. भूगावची रांग लागली आणि अगं-तुगंवर आल्या.

"पहिला आठवडा फार वाईट गेला," त्या म्हणाल्या. "सिग्नल लाल झाला की डावा पाय आपोआप क्लच शोधायचा. तिथे क्लच नाही, रुंद ब्रेक आहे. आणि डाव्या पायाला ब्रेकची अक्कल कुठली? त्याला एकच ठाऊक: खाली जमिनीपर्यंत. गाडी खाडकन थांबली. मागचा रिक्षावाला उतरून आला, म्हणाला, मॅडम, शिकताय का? वीस वर्षांनी!"

उपाय त्यांना कुणी सांगितला नाही, त्यांनीच काढला. डाव्या पायातली चप्पल काढून तो डाव्या बाजूच्या पायठेवणीवर मागे रेटून ठेवायचा. चप्पल नाही म्हटल्यावर पायाला आपण सुट्टीवर असल्याचं समजतं, असा त्यांचा दावा. मी त्यावर वैद्यकीय मत मागितलं नाही.

रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती आणि इथेच मला पहिला धडा बघायला मिळाला. ब्रेक सोडला की अशी गाडी हळूहळू पुढे सरकते. सोपं वाटतं. पण ती सरकते तेव्हा आत क्लच अर्धवट घासत असतो, आणि फूट-फूट सरकत राहिलं की तापतो. बाई तसं करत नव्हत्या. पुढची गाडी हलली तरी त्या ब्रेक दाबून बसायच्या, तीन-चार गाड्यांचं अंतर पडू द्यायच्या, मग एकदाच मोकळेपणाने पुढे जायच्या. मागून हॉर्न वाजायचे. मोकळ्या जागेत दोन बाजूंनी स्कूटर घुसायच्या. "घुसू दे. ब्रेक पूर्ण दाबलेला असला की ती क्लच सोडून देते. अर्धवट दाबला की बिचारीला कळत नाही, थांबायचंय की निघायचंय."

पिरंगुटच्या चढावर त्यांनी दुसरी गोष्ट दाखवली. चढावर थांबलं की ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरायची नाही. ब्रेक, आणि नंतर थेट निघायचं. पौडला चहाला थांबलो तेव्हा तिसरी. रस्ता उताराचा होता. आधी न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग ब्रेकवरून पाय उचलून गाडीचा भार हँडब्रेकवर बसू द्यायचा, आणि शेवटी पी. उलट केलं की अख्ख्या गाडीचं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर लटकतं, आणि निघताना ठक असा आवाज येतो. हे गाडी देताना शोरूममध्ये कुणी सांगितलं का, विचारलं. "त्यांनी मला फोनला गाणी कशी जोडायची ते अर्धा तास शिकवलं."

ताम्हिणी

मुळशीच्या पुढे पाणी उजवीकडे राहतं आणि रस्ता वळायला लागतो. पाऊस सरत आला होता, पठारांवर सोनकी फुलली होती, आणि कड्यांवरून उरलेसुरले धबधबे रस्त्यावर पाणी आणत होते. या रस्त्यावर दर शनिवार-रविवारी जे चालतं ते मला आवडत नाही. अपघातात गेलेल्यांचे फोटो लावलेले फलक कठड्यांपाशी उभे असतात आणि त्यांच्यासमोरच लोक व्हिडिओ काढण्यासाठी वळणं कापतात. आम्ही कामाच्या दिवशी सकाळी गेलो. बाईंनी वेगाचा काटा जिथे ठेवला तिथे कुठल्याही पोलिसाला बोलायला जागा नव्हती. मला वेग नको होता, पेटीचा स्वभाव बघायचा होता, आणि तो चाळीस-पन्नासच्या वेगातच नीट दिसतो.

पुढे एसटी. बाई मुद्दाम डी मोडवर, पाय हलका ठेवून तिच्यामागे राहिल्या. सपाट, सरळ तुकडा आला, वेग साठला, आणि पेटीने इंधन वाचवायला गिअर वर चढवत नेले. सहावा. सातवा. इंजिन जवळपास झोपलेलं. समोर रस्ता मोकळा दिसला आणि त्यांनी पाय दाबला.

काहीच झालं नाही. म्हणजे झालं, पण आधी एक श्वास गेला. मग पेटीला जाग आली, इंजिन ओरडलं, आणि गाडी हवी त्यापेक्षा जोरात सुटली. बाईंनी पाय उचलला, एसटीमागेच राहिल्या.

"बघितलंस? सातवा पडला होता, हवा होता तिसरा."

भोसरीत ऐकलेलं इथे पाठीला जाणवलं. सातवा आणि तिसरा एकाच शाफ्टवर आहेत. सातवा लागलेला असताना त्याच शाफ्टवर तिसरा तयार ठेवता येत नाही. मधे दुसऱ्या शाफ्टवरच्या एखाद्या सम गिअरचा आधार घ्यावा लागतो. मागे उभा वाढपी सहाव्याची बादली धरून होता.

पुढच्या वेळी त्यांनी वेगळं केलं. मोकळा रस्ता दिसायच्या आधीच, एसटीमागे असतानाच, स्टिअरिंगमागचं डावं पातं मोजून ओढलं. इंजिनाच्या फेऱ्या वर आल्या, गाडी थोडी रोखली गेली, तिसरा तयार झाला. रस्ता मोकळा झाला तेव्हा पाय नुसता ठेवला. कुठे थांबणं नाही, ओरडणं नाही. एसटी मागे गेली.

मॅन्युअलमध्ये हे सगळं एकाच हालचालीत व्हायचं: ठरवणं आणि करणं. हात गिअरवर गेला की ठरलं. आता करणं यंत्राकडे आहे, आणि ठरवणंही ते आपल्याआधी करू बघतं. बाईंना पहिल्या महिन्यांत राग यायचा तो याचा. "ती माझ्या वतीने ठरवायची. आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर ठरवायची, त्याचा तर जास्तच राग." मग त्यांनी तिच्याशी बोलायला सुरुवात केली. पाय एकदम दाबायचा नाही; आधी जरा, मग पुरता, म्हणजे तिला चाहूल लागते. वळणाच्या अलीकडे ब्रेक उशिरा पण ठाम, म्हणजे ती गिअर खाली आणते. हळूच कुरवाळत ब्रेक लावला तर तिला वाटतं, बाई आता निवांत आहेत.

निवेपासून पुढे विळ्याकडे उतार लागला. इथे डी मोडवर सोडून दिलेली गाडी घाट उतरणाऱ्या नवख्यासारखी वागते. पायाखाली ॲक्सिलरेटर नाही म्हणजे ताकद नको, असा तिचा सरळ हिशेब. मग गिअर वर. ब्रेक लावत राहिलं की उतार तिच्या ध्यानात येतो आणि ती एखादा गिअर खाली येते, पण तोवर ब्रेकने भार घेतलेला असतो. बाईंनी दांडा बाजूला केला, दुसरा गिअर धरला, आणि इंजिनाच्या धाकावर गाडी उतरवली. आमच्यामागे एक ऑटोमॅटिक एसयूव्ही होती. एका वळणावर तिने आम्हाला गाठलं, पुढे गेली, आणि मग खाली विळ्यापर्यंत तिचे मागचे लाल दिवे क्षणभरही विझलेले दिसले नाहीत. आपल्याकडे ट्रकवाला शिकाऊ पोराला पहिलं वाक्य शिकवतो ते हेच की ज्या गिअरवर घाट चढलास त्याच गिअरवर उतर. पीआरएनडी लिहिलेल्या दांड्याने ते वाक्य निरुपयोगी केलेलं नाही, फक्त विसरायला लावलं आहे.

परतीच्या चहाला मी त्यांना विचारलं, जुनी गाडी आठवते का.

"चुका आठवतात," त्या म्हणाल्या. "तिसऱ्याऐवजी पाचवा पडायचा, गाडी गुदमरायची, मी स्वतःला शिवी द्यायचे. आता चुकलं तर शिवी कुणाला द्यायची तेच कळत नाही."

आलेखावरच्या दोन रेषा

ही शिवी नेमकी ज्याच्या नावे जाते असा एक माणूस मला हिंजवडीत भेटला. गिअरबॉक्सच्या संगणकाला शहाणपण शिकवणं हे त्याचं काम. कोणत्या वेगाला, कोणत्या पायाला कोणता गिअर, हे ठरवणारे तक्ते अशी माणसं महिनोन्‌महिने गाडीत बसून भरतात. लेह, जैसलमेर, आणि पुण्यात असतील तर सकाळी वरंध, दुपारी वाकड.

त्याने पडद्यावर आलेख उघडला. आडवा अक्ष वेगाचा, उभा पायाचा. त्यावर प्रत्येक गिअरसाठी दोन रेषा, एक वर चढायची, एक खाली उतरायची. दोन्हींमध्ये मुद्दाम अंतर ठेवलेलं. "रेषा एकच ठेवली तर चढावर गाडी वेडी होईल. चौथा, तिसरा, चौथा, तिसरा. अंतर ठेवलं की ती जरा आपल्या मतावर टिकते." अंतर फार झालं की मठ्ठ वाटते, कमी झालं की चंचल. एस मोड म्हणजे काय? याच रेषा उजवीकडे सरकवलेल्या. ज्या बटनाची जाहिरात एवढ्या थाटात होते, ते एवढंच आहे हे ऐकून माझा थोडा विरस झाला. अर्थात स्टिअरिंग, आवाज, पायाची धार हेही त्याच बटनाला जोडलेलं असतं.

भारतातला पाय तक्त्यात बसत नाही, असं त्याचं म्हणणं. युरोपातला माणूस पाय दाबतो तो दाबूनच ठेवतो. आपण दाबतो, उचलतो, कारण म्हैस आली, पुन्हा दाबतो, पुन्हा उचलतो. यंत्राने पहिल्या दाबावर गिअर खाली आणला तर दुसऱ्या क्षणी तो वाया जातो. म्हणून इथल्या गाडीला थोडं थांबून खात्री करायला शिकवावं लागतं. आणि मग ताम्हिणीत कुणीतरी एसटीमागून निघताना म्हणतं, गाडीला एक श्वास लागतो.

टोयोटाच्या जीआर यारिसचं त्याला फार कौतुक. ही रॅलीच्या रक्ताची छोटी गाडी २०२० मध्ये आली ती फक्त मॅन्युअल. २०२४ मध्ये तिला आठ गिअरची ऑटोमॅटिक मिळाली, दोन क्लचची नव्हे, तेलातून ताकद नेणारीच, पण डोकं नवं. नेहमीची पेटी गाडी किती मंदावली, वेग किती उरला यावरून गिअर ठरवते, म्हणजे घटना घडून गेल्यावर. टोयोटाने ब्रेक कसा दाबला जातो आणि कसा सोडला जातो, ॲक्सिलरेटर कसा हलतो, यावर भर दिला. गाडी मंदावायच्या आधीच चालकाच्या मनात काय आहे ते ताडायचं. "हुशार चालक ब्रेक कसा सोडतो त्यात पुढचं वळण लिहिलेलं असतं," तो म्हणाला. दंतवैद्य बाई दुसऱ्या टोकाकडून हेच करत होत्या, हे मी त्याला सांगितलं. त्याने त्यांचा नंबर मागितला. मी दिला नाही.

अर्ध्या सेकंदाची किंमत

पोर्शच्या ९११ जीटी३ची गोष्ट या विषयात टाळता येत नाही. २०१३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की नवी जीटी३ फक्त पीडीकेसह मिळेल. शर्यतीच्या मैदानावर ती वेगवान आहे, मग दुसरी का बनवायची? तर्कात खोट नव्हती. गिऱ्हाइकं मात्र रुसली. २०१६ मध्ये पोर्शने ९११ आर ही खास मॅन्युअल गाडी काढली, बरोबर ९९१ नग. त्या हातोहात गेल्या आणि लगेच कितीतरी चढ्या भावाने फिरू लागल्या. २०१७ मध्ये जीटी३मध्ये मॅन्युअल परत आली. तीच कंपनी छापून सांगते की शून्यातून शंभरला पीडीकेला ३.४ सेकंद लागतात आणि मॅन्युअलला ३.९. म्हणजे लोक अर्धा सेकंद खुशीने टाकून देत होते. रोजच्या रस्त्यावर हा अर्धा सेकंद कुठे वापरणार? आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर मोटारीला १००ची मर्यादा आहे. अशा गाड्या ती दुसऱ्या गिअरमध्येच ओलांडतात.

बीएमडब्ल्यूने एम३च्या २०२०च्या पिढीत दोन्ही पेट्या ठेवल्या, पण मॅन्युअलला ५५० न्यूटन-मीटर आणि कॉम्पिटिशन ऑटोमॅटिकला ६५०. हाताने चालणाऱ्या पेटीला इथे पूर्ण ताकद दिलीच जात नाही. फोक्सवॅगनने २०२४ मध्ये गोल्फ जीटीआयची मॅन्युअल बंद केली, आणि २०२५ मध्ये ही गाडी पहिल्यांदा भारतात आली ती अर्थातच डीएसजी घेऊन, ५३ लाखांना.

भारतातलं चित्र यातून गमतीदार दिसतं. टॅक्सी, टेम्पो, पहिल्या पगाराची छोटी गाडी इथे मॅन्युअल, कारण स्वस्त. आणि कोटीच्या घरातल्या बीएमडब्ल्यू एम२ला मॅन्युअलचा पर्याय, कारण हौस. मधल्या सगळ्या पट्ट्यात, म्हणजे ज्यांनी ही कला खरोखर कमावली त्या मध्यमवर्गीय गाडीवेड्यांच्या पट्ट्यात, पर्याय एकेक करून मिटत चालले आहेत. त्यामागे कारस्थान नाही. प्रत्येक इंजिन-पेटीच्या जोडीला वेगळ्या चाचण्या, वेगळे सुटे भाग, वेगळी मंजुरी. आणि घेणारे थोडे. मॅन्युअल हवी असं सांगणारे बरेच, घेताना भुमकर चौक आठवणारे त्याहून जास्त.

काढलेला झटका

हिंजवडीचा तो माणूस हल्ली विजेच्या गाड्यांवर काम करतो. तिथे बदलायला गिअर नाहीत, क्लच नाही, बहुतेक गाड्यांत एकच गिअर. त्याच्या धंद्याचा शेवट झाला असं मी समजत होते.

पण ह्युंदाईने २०२३ मध्ये आयोनिक ५ एन आणली. मोटर ६०० अश्वशक्तीच्या पुढची, आणि तिच्यात नसलेल्या आठ गिअरांची नक्कल. पातं ओढलं की मोटर क्षणभर ताकद कापते आणि पुन्हा देते, म्हणजे गिअर पडल्याचा धक्का बसतो. स्पीकरमधून इंजिनाचा आवाज येतो. वेळेवर पातं ओढलं नाही तर गाडी खोट्या कमाल फेऱ्यांवर अडकून थरथरते. चुकायचीही सोय ठेवली आहे.

"मी पंधरा-सोळा वर्षं एकच काम केलं," तो म्हणाला. "गिअर बदलताना झटका काढायचा. शून्यावर आणायचा. त्यासाठी रात्री दोन-दोन वाजता एक्स्प्रेस वेवर गाड्या फिरवल्यात. आता एका प्रोजेक्टवर उलटं आहे. झटका घालायचाय."

किती घालायचा, मी विचारलं.

"त्यावरच अडलंय. तिशीतले टेस्टर म्हणतात फार होतो. पन्नाशीतले म्हणतात, दुसऱ्याहून तिसऱ्याला अजून थोडा हवा."